फाटकाशी थांबणारी गाडी

सात वर्षं झाली, रुबेनची जुनी पिकअप फाटकापर्यंत जायची आणि तिथेच गचके खाऊन बंद पडायची. वॉशिंग्टन मेकॅनिकने कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा पंप बदलला, नवा फिल्टर घातला; पण गाडी काही फाटक ओलांडेना.

"पोरगं सोडत नाही तिला बाहेर," रुबेनचा म्हातारा बाप अपारिसियो येर्बाच्या कडू चहाचा कढत घोट घेत म्हणायचा आणि बॉनेटवरून हात फिरवायचा. सात वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी ती अशीच पहिल्यांदा बंद पडली होती. वैतागलेला रुबेन मग मित्राच्या मोटरसायकलवर बसून नोकरीसाठी मोंतेविदेओ शहराकडे निघाला आणि नदीवरच्या पुलापर्यंतच पोचला. तिथून त्याचा मृतदेहच उचलून घरी आणावा लागला.

आज वॉशिंग्टन गाडीखालून सरपटत बाहेर आला. "काका, आता टाकीच तेवढी बघायची राहिलीये. उतरवू का?"

"उतरव की. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

"टाकीला हात लावू नकोस!" पिठाने भरलेल्या हातांनी अपारिसियोची बायको एल्बिरा स्वयंपाकघरातून धावत आली.

"अगं, एवढं ओरडायला काय झालं?" अपारिसियो हळूच म्हणाला. "आपला रुबेन काय टाकीत बसलाय?"

एल्बिराने पिठाचे हात टाकीच्या झाकणावर दाबून धरले.

 

पोराने शहरात जाऊ नये म्हणून सात वर्षांपूर्वी, तो निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनेच आपला ॲप्रन फाडून त्या टाकीत कोंबला होता.