काळ्या भिंतीसाठी वेल

गोजरबाईनं पदर खोचला आणि अमिनाबीच्या भिंतीसमोर काटकीनं मातीत रेघ ओढली.

"आळी इथं करायची. भितीपासून हातभर लांब. मातीच्या भितीला पाणी लागलं की ती बसलीच म्हणून समज. पुढं तुराट्यांची ताटी उभी करू अन् वेल ताटीवर चढवू. रस्त्यावरनं बघणाऱ्याला भित हिरवीगार दिसंल, बराबर?"

अमिनाबीनं मान हलवली. भिंत रस्त्याकडची, आणि वरपासून खालपर्यंत काळी. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत तिच्या नवऱ्याच्या, महेबूब पिंजाऱ्याच्या, कापसाच्या ढिगाला कोणीतरी काडी लावली होती. घर वाचलं, भिंत काळवंडली. लावणारे गावातले की बाहेरचे, हे गावात कोणी कोणाला विचारत नव्हतं. दोघं नवरा-बायको वसमतला नात्यात जाऊन राहिली आणि दसरा झाल्यावर परत आली. आल्यापासून अमिनाबी पांढऱ्या मातीनं भिंत पोतारत होती. वाळली की काळं पुन्हा वर यायचं.

पाण्याला जाता-येता ती भिंत बघून शेजारणीचा, म्हणजे गोजरबाईचा, जीव कासावीस व्हायचा. शेवटी तिनंच ही वेलाची युक्ती काढली.

"भितीच्या बुडाशी पडलेली ती जळक्या कापसाची राखबी आळ्यात घालू," ती म्हणाली. "वेलाला राख मानवती. आता सांग, लावायचं काय?"

"घेवडा लावू, आक्का. संक्रांतीपातूर शेंगा देतो अन् वाळून जातो. मागं कोणाला तकलीफ न्हाई."

गोजरबाईच्या हातातली काटकी थांबली. "मागं म्हंजी? तुमी कुटं चालले?"

अमिनाबीनं ओट्याकडं पाहिलं. महेबूब तिथं पाठमोरा बसला होता. कापूस पिंजायचं त्याचं पिंजण शेजारी गोणपाटात गुंडाळलेलं, वसमतहून आणलं तसंच. परत आल्यापासून त्यानं ते उघडलं नव्हतं आणि गावात कोणाशी शब्दही काढला नव्हता.

"वसमतला दीर बोलावून राहिले. पेठेत खोली बघितली त्याहीनं," अमिनाबी हळूच म्हणाली. "संक्रांत झाली की जायचं."

गोजरबाईनं काटकी खाली टाकली. कोंबड्यांवरून हिच्याशी भांडण्यात तिचा अर्धा जन्म गेला होता. ही गेली तर भांडायचं कोणाशी, आणि भांडून झाल्यावर उसनं तिखट मागायचं कोणाकडं?

ती तडक घरी गेली आणि परसातल्या तोंडलीचे बोटभर जाड फाटे विळ्यानं तोडून पदरातून घेऊन आली.

"घेवडा राहू दे. ही घे. माझ्या सासूच्या हातची तोंडली हाये. येकदा धरली की वर्सानुवर्सं मरत न्हाई. उन्हाळ्यात वाळल्यावानी दिसती अन् मिरगात पुन्हा फुटती."

"आक्का, मिरगात आमी इथं नसू."

"मंग पाणी कोण घालंल तिला? मला घरची कामं काय थोडी हायेत? मी न्हाई घालायची." एवढं फणकाऱ्यानं बोलली खरी, पण तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. "काहून चालले गं तुमी? तुमाला कोण्या तोंडानं राहा म्हणावं, मलाबी कळंना. पर जाऊ नका."

अमिनाबी फाटे हातात धरून तशीच उभी राहिली. लावायचे म्हणावं तर नवऱ्याचा शब्द नाही, परत द्यावे तर हात होईना. तिनं पुन्हा ओट्याकडं पाहिलं.

महेबूब उठला. सावकाश खाली आला. ताटीसाठी आणलेल्या पेंढीतून त्यानं एक तुराटी उपसली आणि दोन्ही हातांनी वाकवली. ती कटकन मोडली.

"वैनी, ह्या तुराट्या येका सालात वाळवी खाती," तो म्हणाला. कितीक दिवसांत न वापरलेला आवाज घोगरा लागत होता. "तोंडलीला बाभळीच्या मेढी पायजेत."

मग रस्त्यापलीकडं गोजरबाईच्या अंगणात बैल सोडणाऱ्या तिच्या नवऱ्याकडं त्यानं पाहिलं. नजर खाली घेतली नाही.

"किसनरावाला म्हणा, तुमची कुऱ्हाड द्या."