नीनाताईंचा खांदा

"चोवीस पाउंड?" कपाटाकडे गेलेला कॉलिनचा हात थांबला. "कुणासाठी?"

"बायकोसाठी," अवधूतराव म्हणाले. "पण तिला कळता कामा नये."

मँचेस्टरच्या ट्रॅमच्या शेवटच्या स्टॉपजवळच्या या धनुष्यबाणांच्या दुकानात अवधूतराव मुलगी शाळेत असल्यापासून येत होते. त्यांच्या प्रकारच्या धनुष्याला मधे लाकडी मूठ असते आणि तिला वर-खाली दोन पाती बसवायची असतात. पाती बदलली की धनुष्य ओढायला हलकं किंवा जड होतं. किती जोर लागेल तो आकडा पात्यावरच छापलेला असतो. नीनाताईंची पाती चौतीस पाउंडांची होती.

"मिसेसना एकदा विचारून तर बघा," कॉलिन म्हणाला.

"विचारलं तर ती सगळंच सोडून देईल. मी ओळखतो तिला."

भीती खरी होती. या देशात धनुष्याने हरणं मारायला बंदी आहे, आणि गोखले कुटुंबाला ती मारायचीही नव्हती. त्यांचा क्लब बक्स्टनकडच्या जंगलात फोमची हरणं उभी करत असे, शेवटी घोड्याएवढा एक एल्क. प्रत्येकासमोर उभं राहायच्या जागी दोन खुंट्या, एक जवळ, एक लांब. घरात त्यालाच शिकार म्हणायचे. ऋजुता लग्न होऊन लीड्सला गेली आणि घर गप्प झालं. आठवडाभर दोघं दोन खोल्यांत दोन टीव्ही बघत. बोलणं व्हायचं ते रविवारी, झाडांमधून चालताना.

आणि हल्ली प्रत्येक हरणापाशी नीनाताई म्हणत, "अहो, जवळच्या खुंटीवरून मारू या. माझा खांदा दुखतोय." अवधूतराव सोबत म्हणून जवळून मारत आणि मनातून धास्तावत. नीना थांबली की रविवारही गेला. एकट्याने हरणं मारण्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

स्वतःच्या हाताबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मागच्या हिवाळ्यात उजवा दंड आखडला होता खरा. पण त्यांनी नेटाने व्यायाम केला, थंडी सरल्यावर आपलं चाळीस पाउंडांचं धनुष्य उचललं आणि पहिल्यासारखं ओढलं. महाराष्ट्र मंडळात ही हकीगत न ऐकलेला माणूस शिल्लक नव्हता.

"आकडा झाकायला टेप देऊ?" कॉलिनने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लावतात काही लोक."

"टेप आहे घरी. हिनेच माझ्या पात्यांना लावली होती, हिरवी. पाती चमकली की हरणं बिचकतात म्हणे."

"फोमची?"

अवधूतराव मनापासून हसले. कॉलिन जरा उशिरा हसला.

रविवारी सकाळी नीनाताई डब्यात थालीपीठं भरत होत्या तेवढ्यात अवधूतरावांनी कामगिरी फत्ते केली. नव्या पात्यांना टेप लावून ती नीनाताईंच्या बॅगेत ठेवली आणि जुनी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे लपवली. ऋजुता लीड्सहून खास आली होती.

धनुष्यं जोडायचं काम पहिल्यापासून नीनाताईंचं. अवधूतराव गाडी पार्क करून आले तेव्हा त्या पाती हातात घेऊन उभ्या होत्या.

"तुझ्या पण पात्यांना टेप लावली," ते घाईने म्हणाले. "चमकायला नको."

"हो का? बरं केलंत."

"आई, तुझ्या बो-ला पण टेप?" ऋजुताने धनुष्याकडे बघत आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत विचारलं.

"ऋजू, थर्मास काढ बघू आधी."

पहिल्या हरणापाशी नीनाताईंनी दोरी ओढली, अर्ध्यावर थबकल्या आणि नवऱ्याकडे बघितलं. मग बाण सोडला. तो नीट छातीत बसला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आज खांदा मुळीच दुखत नाहीये."

अवधूतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी वळून नाक शिंकरलं. फसवणूक होती, पण तिच्यामुळे अजून कितीतरी रविवार मिळणार होते. त्या आनंदात त्यांनी एल्कपाशी फर्मान काढलं, "आज लांबच्या खुंटीवरून!"

"कशाला उगाच?" नीनाताई म्हणाल्या.

पण अवधूतराव उभे राहिलेसुद्धा. त्यांचा बाण एल्कच्या अलीकडे नेच्यांत पडला. नीनाताईंचा त्याच्या शेजारीच.

"बाबा, तुझा बाण पण खाली गेली," ऋजुता म्हणाली.

"हे कार्बनचे बाण फारच हलके आहेत. तुझ्या आईने वाढदिवसाला दिलेत म्हणून वापरतो." नीनाताईंचा का पडला, ते त्यांना अर्थातच ठाऊक होतं.

"चला, जवळून मारू," नीनाताई म्हणाल्या, आणि तिघांनी जवळून एल्क मारला. घरी येईपर्यंत गाडीत गप्पा चालल्या होत्या.

संध्याकाळी अवधूतराव गॅरेजमध्ये गेले. ती जुनी पाती कॉलिनकडे देऊन टाकावीत, कुणाला तरी उपयोगी पडतील. देण्यापूर्वी एकदा ओढून बघावं म्हणून त्यांनी ती आपल्या धनुष्याच्या मुठीला बसवली. दोरी चढवतानाच त्यांना घाम फुटला.

त्यांनी धनुष्य उचललं आणि ओढलं. दोरी अर्ध्यावर आली आणि पुढे सरकेना. दिवसभराच्या दमणुकीने असेल. त्यांनी दंड चोळला, पाय रोवले आणि पुन्हा ओढलं. दोरी तिथेच अडली. चौतीस पाउंड. ते तर दिवसभर चाळीस ओढत होते.

नीनाताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांनी कप बाकावर ठेवला, नवऱ्याच्या हातून धनुष्य घेतलं, दोरी सहज हनुवटीपर्यंत ओढली आणि हलकेच परत सोडली.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या पात्यांवरची टेप काढू नका."