शनिवारचं बाक

बाईंचा यात फायदा काय, हे ठमीच्या आईनं पहिल्याच दिवशी ताडलं होतं. कच्च्या मुलांसाठी शाळेनं शनिवारचा जादा तास काढला आणि तो बाईंच्या हाती दिला. कच्ची मुलं संपली की तास संपला, आणि तासाबरोबर बाईंचा रुबाबही. मग त्या मुलांना पक्कं होऊ देतील कशाला?

ठमीची आई इस्पितळाच्या कोठारात कामाला होती. बँडेजचा एक रोल मागायला आलेल्या माणसालाही ती आधी नखशिखान्त न्याहाळायची. "एवढं कशाला लागतं?" हा प्रश्न जिभेवर कायम तयार.

इथं प्रश्न अपूर्णांकांचा होता. घरी, म्हणजे मामाकडे, ठमी बेरजा पटापट सोडवायची. शाळेत त्याच बेरजा साफ चुकायच्या.

"चुकते तीही शिस्तीत," बाई म्हणाल्या. "वरचे आकडे वर मिळवते, खालचे खाली. परीक्षेत असंच केलं तर तिला याच वर्गात ठेवावं लागेल."

"घरी बरोबर येतं."

"घरी शेजारी कुणी बसतं का?"

"म्हणजे मी उत्तरं सांगते?"

"असं कुठं म्हटलं मी? दोघंही बसा, म्हणजे कळेल."

बाईंचा नियमच होता. आई एका बाजूला, वडील दुसऱ्या, मूल मध्ये. एकानं गणित वाचायचं, दुसऱ्यानं समजवायचं. एकटं कुणी आलं तर परत पाठवणी.

हे आईच्या जिवावर यायचं. वर्षापूर्वी नवऱ्याशी वाजलं आणि ती मुलीला घेऊन भावाकडे आली, ती आलीच. रविवारी मामा ठमीला बापाच्या सुतारकामाच्या शेडपाशी सोडायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. नवरा-बायकोची गाठ पडायची ती फक्त या बाकावर. बाक पोरांच्या मापाचं, दोघांचेही गुडघे हनुवटीला टेकायचे.

मध्ये बसलेल्या ठमीला वेगळीच काळजी. "पुढच्या शनिवारी दोघंही येणार ना?"

"आधी गणित बघ," आई खेकसायची.

बाप तिची पेन्सिल तासून द्यायचा. मोठा सुतार होता तो. त्यानं केलेला ड्रॉवर करंगळीनं ढकलला तरी आवाज न करता आत जायचा.

एका शनिवारी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या होत्या. आई पाणी पिऊन परत आली आणि वर्गाच्या दारातच थबकली. आत बाप हळू आवाजात शिकवत होता.

"अर्धा अधिक पाव. वर एक नि एक दोन. खाली दोन नि चार सहा. झालं, दोन छेद सहा."

तास सुटल्यावर तिनं त्याला जिन्यात गाठलं.

"अर्धा फूट नि पाव फूट मिळून पाऊण होतो, हे सुताराला ठाऊक नाही होय? की पोरगी नापास झाली म्हणजे, 'आईकडे राहून वाटोळं झालं' म्हणत तिला पळवायचीय?"

तो नखातला सरस खरवडत राहिला. "तिला नाही पळवायचं."

"मग?"

"तिला यायला लागलं, तर शनिवारी तू कशाला येशील?"

आईला पुढचा प्रश्न सुचला नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"अक्कल गहाण ठेवलीत अगदी," ती शेवटी म्हणाली, पण आवाजाची धार उतरली होती. "सरळ घरी यायला काय झालं होतं?"

"तुझा भाऊ दार उघडतो."

"मग मी उघडेन."

पुढच्या रविवारी दोघांनी मिळून ठमीला शेडमध्ये बसवलं. बापानं फळीचे तुकडे जोडून दाखवले. अर्ध्याला पाव लावला, पाऊण झाला. मग त्यानं स्वतःचे कान धरले. "माझंच चुकत होतं, बाळा. समजलं?"

"समजलं," ठमी म्हणाली. "म्हणजे आता पास झाले की शनिवार बंद?"

"बंद!" दोघंही एका सुरात म्हणाले.

ठमीनं तुकडे नीट रचून ठेवले. बाकीची गोष्ट तिला निकालाच्या दिवशीच सांगायची, परीक्षेआधी तिच्या डोक्यात दुसरं काही नको, असं दोघांचं ठरलं.

निकालाच्या दिवशी बाईंनी पेपर समोर ठेवला. "सगळ्या बेरजा चूक. त्याच शिस्तीत."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. "पुन्हा?"

"आईशप्पथ, मी नाही!"

मग आईची नजर बाईंवर गेली. बाईंनी ती ओळखली. त्यांनी ठमीच्या हातात खडू दिला आणि फळ्याकडे बोट केलं. अर्धा अधिक पाव. ठमीनं एका झटक्यात तीन छेद चार लिहिलं.

"कधीपासून येतंय तुला हे?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून." ठमीनं फळा पुसला, हात झटकले आणि आई-बाबांकडे वळली. "आता पुढच्या वर्षीही दोघांनी यायचं हं शनिवारी."

बाईंचा तास टिकला, बापाला बायको मिळाली, आईला घर. वर्ष तेवढं गेलं ठमीचं, आणि ते मोजून तिनं जे मिळवलं, ते शाळेच्या फाटकाशी आईच्या ट्रंकेसकट बापाच्या घरी जाणाऱ्या टेम्पोत सकाळपासूनच भरून ठेवलेलं होतं.