रिव्हर्स पडत नाही

मायांडीनं गियरचा दांडा मागे ओढला आणि जीप कर्रर्र करून ओरडली. मागे दाटीनं बसलेल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

"अण्णा, दात पाडताय का तिचे?" शेजारी बसलेली पेच्चियम्माळ म्हणाली आणि तोंडातलं पान थुंकायला खाली उतरली.

तमिळनाडूतल्या बोडीच्या घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीला नाक लावून जीप उभी होती. मागे घेतल्याशिवाय रस्ता मिळणार नव्हता आणि वर वेलदोड्याच्या मळ्यावर मुकादम कामाच्या बायकांची वाट बघत असणार होता. शेजारच्या गॅरेजमधून सेल्लदुरै हात पुसत आला.

"कालच क्लच आवळून दिलाय. पुन्हा?"

"तुझ्या हातात आता काही राहिलं नाही."

सेल्लदुरै जीपखाली शिरला, बाहेर आला. "गळत तर काही नाही. आधी पहिला टाक, मग रिव्हर्स." कर्रर्र. "क्लच दाबून थोडा थांब, मग टाक." मायांडी थांबला. कर्रर्र.

"उतर."

सेल्लदुरै स्वतः बसला. रिव्हर्स कधी पडला ते कुणाला कळलंही नाही.

"तुम्हालाच घाबरते ती, अण्णा," मागून कुणीतरी मायांडीला म्हणालं. बायका हसल्या.

मायांडी पुन्हा चढून बसला. या वेळी सेल्लदुरै दारातून वाकून त्याचे पाय बघत राहिला.

"पूर्ण दाब."

"दाबलाय."

"टेकला खाली?"

"टेकलाय म्हणतो ना!"

क्लचचं पेडल खालून दोन बोटं वर होतं. सेल्लदुरैनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून जोर दिला. "आता टाक."

गियर मुकाट्यानं पडला.

"पुढचे गियर सांभाळून घेतात, मायांडी. रिव्हर्स नाही घेत."

तेवढ्यात पेच्चियम्माळ परत आली. तिच्या हातात एक चप्पल होती. "ही तुमची ना? टपरीपाशी पडली होती."

मायांडीनं खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता.

"शुगरची गोळी चालू आहे ना?" सेल्लदुरैनं आवाज खाली आणला. "आज डावा आहे. उद्या उजवा. ब्रेकवर तोच असतो."

"अर्धं आयुष्य या वळणांवर गेलंय माझं. डोळे मिटून चढवीन."

"डोळ्यांचं कोण बोलतंय?"

मायांडी मागे वळला. "तुम्ही सांगा गं. कधी ओरखडा तरी आलाय कुणाला?"

आला नव्हता. पण वरून बस उतरायला लागली की जीपला कडेपर्यंत मागे सरावं लागतं, आणि तिथून दरी कशी दिसते ते प्रत्येकीला माहीत होतं.

पेच्चियम्माळनं चप्पल त्याच्या पायाशी ठेवली. मग ती जीपच्या मागे गेली. तिची पोटुशी सून तिथे कडेला बसली होती.

"मारीकण्णू, उतर."

दांडा धरून मारीकण्णू सावकाश उतरली. तिच्यामागून आणखी एक उतरली. मग बाकं रिकामी झाली. बायका गेल्या कुठेच नाहीत. डबे हातात धरून टपरीपाशी उभ्या राहिल्या, त्याच्याकडे न बघता.

मायांडीनं आरशात मागची रिकामी बाकं पाहिली. मग त्यानं किल्ली काढली आणि सेल्लदुरैकडे न पाहता हात पुढे केला.

सेल्लदुरैनं गॅरेजचं शटर ओढलं आणि तो स्टिअरिंगवर बसला. बायका परत चढल्या. त्यांनी सरकून सरकून मायांडीला मागच्या कडेला जागा करून दिली. जीप गपचूप मागे आली, रस्त्याला लागली आणि घाट चढू लागली.

पहिलं वळण गेल्यावर, आता त्याच्यासमोरच्या बाकावर बसलेल्या पेच्चियम्माळनं वाकून त्याचा डावा पाय उचलला आणि मांडीवर घेतला.

"अगं, काय करतेस?"

"गप बसा. काच शिरलीय."

बाटलीची हिरवी काच टाचेजवळ चांगली आत रुतली होती. तिनं पदरानं रक्त पुसलं आणि नखांत धरून काच ओढली. मायांडी बाहेर, मागे पडत चाललेल्या रस्त्याकडे बघत होता.

"दुखतंय का, अण्णा?"

काच निघून तिच्या तळहातावर आली होती.

"दुखतंय तर," तो मान न वळवता म्हणाला. "जरा हळू काढ."