लेकीचा फिल्टर

कापलेल्या बाटलीत खडी, वाळू आणि कोळशाचा चुरा भरून लेकीने विज्ञान प्रदर्शनासाठी फिल्टर बनवला. शाळेच्या विहिरीचं पाणी आत गेलं मातकट आणि बाहेर आलं काळं. लेकीचा चेहरा त्याहून काळवंडला.

वडील वजनमाप निरीक्षक. बाजारातले खोटे काटे पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पोरीचे डोळे भरलेले बघवेनात. सकाळी ती वेणी घालून घेत होती, तेवढ्यात त्यांनी फिल्टरखालची बरणी मोरीत ओतली आणि तिच्यात दुकानातलं बाटलीबंद पाणी भरून ठेवलं.

"बाबा, बघा ना! आपोआप नितळ झालं!"

"कोळशाला जरा वेळ द्यावा लागतो गं," ते म्हणाले. बायकोने मोरीतलं काळं पाणी धुऊन टाकलं.

परीक्षकांनी बरणीतलं पाणी तपासून घेतलं. अगदी शुद्ध निघालं! पहिलं बक्षीस देताना मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, "सोमवारपासून शाळेच्या टाकीला असाच मोठा फिल्टर. आपली तीनशे मुलं आता हेच पाणी पितील!" खरं सांगून टाकायला वडील दोनदा उभे राहिले. दोन्ही वेळा लोकांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या, आणि ते हात जोडून खाली बसले.

सोमवारी ते लेकीच्या दप्तरात गुपचूप घरच्या पाण्याची बाटली ठेवायला लागले, तशी ती खुदकन हसली.

 

"ही कशाला, बाबा? आजपासून शाळेत सगळ्यांना माझंच पाणी आहे की!"