एकही खाडा नाही

"अकरावं पान काढून टाका. बाकी अहवाल उत्तम आहे," सर म्हणाले.

अकराव्या पानावर एकच आलेख होता. नदीकाठच्या मोकळ्या जमिनीवर फरशा घालून पालिकेनं 'हरित उद्यान' केलं, तेव्हापासून तिथल्या विहिरीचं पाणी दोन वर्षांत साडेतीन मीटर खाली गेलं होतं. उद्यानाच्या आराखड्यावर सल्लागार म्हणून सरांची सही होती.

"ते पान म्हणजेच अहवाल आहे, सर," ती म्हणाली. तिचं पीएचडीचं चौथं वर्ष. शेजारी तिचा सहसंशोधक बसला होता. कमी बोलतो म्हणून सगळे त्याला 'मौनीबाबा' म्हणत. तो पेनाचं टोपण लावत होता, काढत होता.

"हे आकडे घेतले कुणी? बागेतल्या माळीणबाईंनी. शास्त्र असं चालत नाही."

"रोज सकाळी सातला, सातशे एकतीस दिवस. एकही खाडा नाही. आमच्या दोघांचे मिळून चाळीस खाडे आहेत. मध्ये शंका आली म्हणून दोन महिने विहिरीत यंत्र सोडून ठेवलं. बोटभराचाही फरक निघाला नाही."

सरांनी अहवाल तिच्याकडे सरकवला. "मग माझं नाव काढा. आणि तुमच्या पदव्यांवर कुणाची सही लागते, तेही आठवा. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढं तरी कळतं ना?"

"पाणी राहिलंय कुठे, सर?" मौनीबाबा म्हणाला.

तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं, मुखपृष्ठावरचं पहिलं नाव सरांच्या देखत खोडलं आणि दोघं उठले.

माळीणबाई विहिरीपाशी पाइप गुंडाळत होत्या. तिनं अहवाल कठड्यावर ठेवला.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"का गं? मोजण्यात चुकलं काही?"

"नाही. छापायचंय. आमच्या नावांच्या वर."

मावशींनी खोडलेल्या ओळीकडे पाहिलं. "साहेबांना चालेल?"

"नाही चालणार."

"अस्सं." मावशी पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी ओले हात पुसले.

"नवऱ्याचं लावायचं की वडिलांचं?" मौनीबाबानं विचारलं.

मावशींनी कठड्यावरून खाली पाण्याकडे पाहिलं.

"विहिरीत दोघांपैकी कुणी वाकून बघितलं होतं?" त्या म्हणाल्या. "आण ते पेन इकडे."

त्यांनी फक्त स्वतःचं नाव लिहिलं. एकेक अक्षर इतकं दाबून, की खालच्या पानावरही ते उमटलं.