असून नसल्यासारखा

"मुठीएवढा कुत्रा, घरात असून नसल्यासारखा," म्हणत यादवरावांनी वाघ्याला आणलं. तो कधी कुणाच्या टाचेखाली येईल याचा नेम नसे. दोनदा चिरडता चिरडता वाचला, तेव्हापासून सगळं घर पाय न उचलता, फरशीवर घासत चालू लागलं.

रविवारी लेकीला बघायला पाहुणे आले. वाघ्या नेमका सोफ्याखाली गाढ झोपलेला. यादवराव पाय घासत दाराशी गेले, बायको तशीच घासत पाणी घेऊन आली आणि मागोमाग लेक पोहे घेऊन.

संध्याकाळी मध्यस्थकाकांचा फोन आला. "मुलगी पसंत होती हो. पण अख्ख्या घराण्याच्या पायातच खोट आहे म्हणतात."

"खोट कसली? घरात कुत्रा आहे, म्हणून तसं चालतो आम्ही."

"यादवराव, तासभर मीही तिथेच होतो. कुठे होता कुत्रा?"